सतरा नंबरचा पंप

उर्सुला तुस्कानोला राग आला की तिचा आवाज चढत नाही, खाली उतरतो. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात ती अकरा वर्षं आहे, आणि ती हळू बोलायला लागली की सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायका मुकाट माना खाली घालतात. चहावाला तर दारातूनच परत फिरतो. माघारी तिला सगळे 'तिखट मॅडम' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगू का, तिला ते आवडतं.

आणि तिखट का असू नये हो? बाई त्रेचाळीस वर्षांची. सांडोरला केळीच्या वाडीत वाढली, केळीच्या चिकाचे डाग पडलेला फ्रॉक घालून शाळेत गेली, पुढे जिद्दीने इलेक्ट्रॉनिक्स शिकली. अंधेरीच्या कंपन्यांत नऊ वर्षं घासली. तिथे हिने रात्रंदिवस प्रोग्राम लिहायचे आणि टाय लावलेल्या कुणीतरी ते साहेबांना दाखवून शाबासकी घ्यायची. एके दिवशी तिने भर मीटिंगमध्ये त्या टायवाल्याला त्याच्याच प्रोग्राममधली दहावी ओळ काय करते असं विचारलं. त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या महिन्यात हिची नोकरी गेली आणि त्याला बढती मिळाली. असा न्याय.

मग विलास सामंतांच्या छोट्या कंपनीत आली. घरापासून स्कूटरवर अर्धा तास, आणि सामंतसाहेब बनवत होते ती वस्तू तिच्या ओळखीची होती: शेतातला पाण्याचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी. पंपाच्या खोलीत भिंतीवर ठोकायची, आत सिमकार्ड घालायचं, आणि घरबसल्या, बाजारातून, अगदी चर्चच्या बाकावरूनसुद्धा पंप चालवायचा. सामंतसाहेब मूळचे मालवणकडचे. माणूस वाईट नाही, पण कोणतीही अडचण सांगितली की 'बघूया की' म्हणणार आणि कधीच बघणार नाही. बघायचं काम उर्सुलाचं.

आता या बाईचं पाण्याशी आणि विजेशी काय नातं आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही.

तुस्कानोंच्या वाडीत घरामागे विहीर आहे. मोटर पाण्यातच बुडवलेली. तिच्या जाळीला गाळ आणि पाला लागला की पाणी कमी येतं, मग उर्सुलाचे वडील आलोशियस दोराला धरून खाली उतरतात, गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि जाळी हाताने साफ करतात. मोटर पाण्यात आणि माणूसही पाण्यात. मोटर जुनी, केबल त्याहून जुनी. अशा वेळी वरून कुणी पंप चालू केला तर काय होईल ते शाळकरी पोरही सांगेल. म्हणून त्या घरात एक नियम होता: फ्यूज माणसाच्या हातात, मगच माणूस पाण्यात. स्विच बंद करणं पुरेसं नाही. बोर्डावरचे चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपटायचे आणि घरातल्या कुणीतरी ते हातात घेऊन विहिरीच्या कठड्यापाशी बसायचं. खाली ठेवायचे नाहीत. माणूस वर येऊन टॉवेल गुंडाळेपर्यंत उठायचं नाही.

सहा वर्षांची असल्यापासून ते काम उर्सुलाचं. दोन्ही मुठींत तीन फ्यूज मावत नसत, म्हणून तिची आई सालोमी ते तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घालायची आणि स्वतः शेजारी उभी राहायची. पोर जरा चुळबुळली की सालोमी पाठीत धपाटा घालायची. एरवी कधी पोरीवर हात न उचलणारी बाई.

नियमामागे एक मरण होतं. आलोशियसचे थोरले भाऊ बस्त्याव असेच गेले. ते विहिरीत उतरलेले, आणि घरातल्याच कुणीतरी पंप बंद दिसला म्हणून बटण दाबलं. उर्सुलाच्या जन्माआधीची गोष्ट. बटण कुणी दाबलं हे त्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. दरवर्षी चर्चमध्ये त्यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होते, घरी येऊन सगळे गप्प जेवतात, बस.

असो. तर सामंतसाहेबांच्या पेटीचं नवं मॉडेल यायचं होतं आणि त्यात उर्सुलाने एक नवी सोय घातली होती, लॉक. मोबाईलवर लॉक दाबलं की पंप जागचा हलणार नाही, आणि ते लॉक उघडू शकेल तो फक्त मालकाचा फोन. हे कसं? तर मालकाच्या फोनवरून जाणाऱ्या प्रत्येक हुकमाखाली आकड्यांची एक गुप्त सही असते. पेटी आधी ती सही तपासते. सही मालकाची असेल तर हुकूम ऐकते, नसेल तर फेकून देते. ही सही तपासायचं गणित कुणी घरी बसून लिहीत नाही, लिहूही नये. त्याची जगभरच्या जाणत्यांनी तावून सुलाखून घेतलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, असते, ती आणून आपल्या प्रोग्रामला जोडायची.

उर्सुलाला या लॉकचा एवढा अभिमान, एवढा अभिमान, की पेटीबरोबर द्यायच्या पत्रकात तिने स्वतःच्या हाताने वाक्य लिहिलं: 'आता विहिरीत उतरताना फ्यूज काढण्याची गरज नाही.' लहानपणी ओच्यात फ्यूज घेऊन बसलेल्या पोरीने लिहिलं हो हे वाक्य! हे लक्षात ठेवा.

मग बाजारात जुनी चिप मिळेनाशी झाली आणि सामंतसाहेबांनी दुसरी, स्वस्तातली आणली. चिप बदलली की सगळं पुन्हा रांधावं लागतं. रांधणंच ते. चिप एवढीशी असते, तिला स्वतःचा प्रोग्राम स्वतः शिजवता येत नाही; तो मोठ्या कॉम्प्युटरवर तिला पचेल असा शिजवून तिच्या पानात वाढायचा. याला क्रॉस-कम्पाइल म्हणतात. त्यात चिपची जात, तिची आकडेमोडीची रीत, सगळं तंतोतंत सांगावं लागतं. आणि आपला प्रोग्राम एका रीतीचा आणि लायब्ररी दुसऱ्या रीतीची निघाली, तर तुकडे जोडणारा लिंकर नावाचा प्रोग्राम ठाम नकार देतो. लाच घेत नाही, ओळख चालत नाही. उर्सुला म्हणायची, या अख्ख्या वसाहतीत प्रामाणिक कोण असेल तर तो लिंकर.

"मला आठ दिवस लागतील," ती म्हणाली होती. "आधी मम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सहा दिवसांची रजा. आल्यावर मी करते."

"बघूया की," सामंतसाहेब म्हणाले.

ती रजेवर असताना त्यांनी बघितलं. काम कौस्तुभला दिलं. कौस्तुभ कंपनीत चार वर्षं होता, एम. टेक. झालेला, साताऱ्याकडचा, विरारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. हुशार आणि अदबशीर मुलगा, मॅडमच्या हाताखाली तयार झालेला. त्याने दोन दिवसांत काम उरकलं. लगेच चाळीस पेट्या तयार झाल्या आणि चाचणीसाठी सांडोर आणि आसपासच्या वाड्यांत बसल्यासुद्धा. सतरा नंबरची पेटी आलोशियस तुस्कानोंच्या पंपाच्या खोलीत लागली. येत्या रविवारी माणिकपूरच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता: पाहुणे, हारतुरे आणि आणखी दोनशे पेट्यांचं वाटप.

घरी पेटी लागली तेव्हा उर्सुला आईच्या डोळ्यांत औषध घालत होती. पोरं दोन दिवसांत करतात म्हणजे बरंच शिकली, असं तिला वाटलं. तिने कौतुकाने पप्पांना लॉक दाबायला शिकवलं. आलोशियस पंचाहत्तरीचे, पण मोबाईलला घाबरणारे नव्हेत. सालोमी मात्र एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन पलंगावरून नुसती ऐकत होती.

सोमवारी रजा संपली. सकाळी निघताना आलोशियस म्हणाले, "आज अकराच्या सुमाराला उतरतो गो. पाणी कमी येतंय."

"मग लॉक दाबा आणि उतरा," उर्सुला स्कूटर काढता काढता म्हणाली. "फ्यूजबिज काढत बसू नका. ते जुन्या काळचं झालं."

सालोमी दारात उभी होती. "बरं," एवढंच म्हणाली.

गाळ्यात आल्या आल्या कौस्तुभने पेढा पुढे केला. "झालं मॅडम. पहिल्याच झटक्यात लिंक झालं."

पेढा तोंडात टाकण्याआधी उर्सुलाची नजर तयार फाइलच्या आकड्यावर गेली. फाइल लहान होती. थोडीथोडकी नव्हे, साठ केबी लहान. ती लायब्ररी कितीही काटछाट करून बसवली तरी तेवढी जागा खातेच. लग्नाला दोनशे माणसं जेवून गेली म्हणायचं आणि भात तसाच, असं होतं का कुठे?

तिने पेढा कागदावर ठेवला. लिंकर कोणता तुकडा कुठून उचलला याची एक यादी लिहून ठेवतो, ती उघडली. सही तपासणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामातला तेवढा तुकडा, शोधलं. ते लायब्ररीतून आलेलंच नव्हतं. 'टेम्प' नावाच्या एका फाइलमधून आलं होतं. तिने ती फाइल उघडली. आत फंक्शनचं नाव अगदी लायब्ररीतलं होतं, आणि पोटात एकच ओळ: उत्तर शून्य द्या.

त्या गणितात शून्य म्हणजे 'सही बरोबर आहे'.

काहीही न तपासता, कुणाचीही सही, सहीच्या जागी भोपळा असला तरी, बरोबर!

"कौस्तुभ," ती म्हणाली. सोल्डरिंगच्या टेबलावरच्या माना खाली गेल्या. "हे काय आहे?"

कौस्तुभने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, लायब्ररी जुन्या चिपच्या रीतीने शिजलेली होती. नव्या चिपला जोडतच नव्हती. लिंकर सारखा 'जुळत नाही, सापडत नाही' ओरडत होता. बाकीची पेटी तरी चालते का बघायचं होतं, म्हणून तेवढ्यापुरतं त्या नावाचं रिकामं फंक्शन लिहिलं. तात्पुरतं होतं. नंतर काढणारच होतो."

"मग काढलं का नाहीस?"

"चाललं ना सगळं. मग साहेब म्हणाले, पाठवून देऊ. आणि माझ्या ते डोक्यातूनच गेलं."

"तो ओरडत होता ना? का ओरडत होता? तुला त्रास द्यायला? त्याचा पगार वाढणार होता?" आवाज आणखी खाली गेला. "कुणी ओरडून सांगतंय की इथे खड्डा आहे, आणि तू काय केलंस? त्याच्या तोंडात बोळा कोंबलास. आणि वर मला पेढा देतोस?"

ती उठली आणि थेट सामंतसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. कौस्तुभ मागोमाग. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

तिने सांगितलं. सामंतसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म्हणजे पेटी चालते, फक्त सही तपासत नाही. बरोबर? उर्सुला, सांडोरला केळीच्या वाडीत कोण हॅकर येणार आहे? रविवारचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग आरामात बदलू. बघूया की."

"हॅकर कशाला लागतो साहेब? अंगठा पुरतो." तिने टेबलावरची सिमकार्डांची यादी उचलली. "ही चाळीस सिमकार्डं आपण एका गठ्ठ्यात घेतली. नंबर ओळीने आहेत. एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या पेटीचा नंबर भरताना शेवटचा आकडा चुकवला की तो शेजाऱ्याच्या पंपाला लागतो. पेटीने सही तपासली असती तर तिने त्याला हाकलला असता. आता ती म्हणणार, या, तुम्हीच मालक. आणि तो शेजारी लॉक दाबून विहिरीत उतरलेला असेल तर?"

"असं होत नाही गं."

"आमच्या घरी झालंय!"

हे मात्र ती ओरडून म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बाहेर कुणाच्या तरी हातातला चिमटा खाली पडला.

कौस्तुभ रडकुंडीला आला होता. त्याच्या मनात अजून एक आशा होती. जुन्या मॉडेलमध्ये अनोळखी फोन नाकारायची एक साधी यादी असायची. ती तरी अडवत असेल, असं त्याला वाटत होतं. "मॅडम, इतकंही उघडं नाही राहिलेलं. दाखवतो. दुसऱ्या कुणाला उगाच त्रास नको, तुमच्याच घरच्या पेटीवर बघू. माझ्या फोनवरून ती चालू होणारच नाही." आणि बोलता बोलता त्याने सतरा नंबर निवडला.

"थांब!" उर्सुला टेबलावरून झेपावली. तिच्या कोपराने पाण्याचा ग्लास सांडला. तोवर त्याचा अंगठा पडला होता.

फोन वाजला. पेटीचं उत्तर आलं. 'लॉक उघडले. पंप चालू.'

"चालला की," सामंतसाहेब म्हणाले.

उर्सुलाने कौस्तुभच्या हातातून फोन हिसकावला आणि बंदचं बटण दाबलं. मग पुन्हा, मग पुन्हा. 'पंप बंद' आलं, पण मध्ये पंधरा सेकंद गेले होते, आणि विजेला पंधरा सेकंद खूप होतात. तिने पप्पांना फोन लावला. वाजत राहिला. मम्मीला लावला. वाजत राहिला. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

वालीवहून सांडोरला जायचं म्हणजे रेल्वे ओलांडून पुलावरून पश्चिमेला जायचं, माणिकपूरच्या रिक्षांच्या गर्दीतून सुटायचं, आणि मग कुठे ती हिरवी गल्ली लागते. त्या वाटेवर उर्सुलाने कुणाकुणाला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता येणार नाही. कौस्तुभला घातल्या, सामंताला घातल्या, पुलावर आडव्या आलेल्या टेम्पोला घातल्या. पण माणिकपूरच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तिला सकाळचं स्वतःचं वाक्य आठवलं. फ्यूजबिज काढत बसू नका. कौस्तुभने सतरा नंबरचं बटण दाबलं, ते खरंच. पण बापाला फ्यूजशिवाय पाण्यात कुणी उतरवलं? मग उरलेली सगळी वाट तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. त्या सगळ्यात जहरी होत्या.

फाटकापाशी स्कूटर आडवी टाकून ती धावली. केळींच्या मधून, चपला हातात न घेता, पाटाच्या चिखलातून.

आलोशियस विहिरीच्या कठड्यावर बसले होते. अंगाला टॉवेल, हातात चहा. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"काय गो हे?" ते वैतागून म्हणाले. "माणूस खाली असताना वीस वेळा फोन? लॉक केलंय ना तुझं. तू सांगितलंस तसंच केलं."

उर्सुला त्यांच्या ओल्या दंडाला धरून उभी राहिली. मग तिची नजर कठड्याच्या पलीकडे गेली.

पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर सालोमी बसली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी, पदर खोचलेला, आणि ओच्यात चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज. दोन्ही हात त्यांच्यावर घट्ट.

"फोन वाजत होता," सालोमी म्हणाली, "पण उठायचं नाही ना. यांनी अजून टॉवेल नीट गुंडाळला नाही."

"मम्मी, मी सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंस. तुझं लॉक असेल गो बाय चांगलं. पण मला एका डोळ्याने ते दिसत नाही. फ्यूज हाताला लागतो."

उर्सुला पंपाच्या खोलीत गेली. पेटीच्या आत छोटी बॅटरी असते. वीज नसली तरी पेटी उत्तर देते आणि पंपाला वीज जोडणारी तिची खटकी ओढली जाते. ते उत्तर खरं होतं. पेटीने लॉक उघडलं होतं, पंप चालू केला होता, आपल्या परीने सगळं केलं होतं. फक्त पलीकडे वीज नव्हती, कारण ती सालोमीच्या ओच्यात होती.

घडलं ते तिने आईवडिलांना सांगितलं. कौस्तुभने बटण कसं दाबलं तेही सांगितलं, दात ओठ खात. आलोशियसनी चहा खाली ठेवला आणि कपाळाला, छातीला हात लावून खुरिसाची खूण केली. सालोमीने फ्यूज बोर्डावर परत लावू दिले नाहीत.

दोन तासांनी उर्सुला गाळ्यात परतली तेव्हा सामंतसाहेब दारातच उभे होते. "उर्सुला! पप्पा?"

"जिवंत आहेत. तुमच्या पेटीमुळे नाही." ती त्यांच्या अंगावरून आत गेली. दोनशे पेट्यांचं काम जोरात चालू होतं, तोच प्रोग्राम, तोच बोळा. ती दाराशेजारच्या मेन बोर्डापाशी गेली, मोठा स्विच पाडला आणि एक, दोन, तीन, तिन्ही फ्यूज उपटले. पंखे थांबले. टेबलावरचे दिवे गेले.

"वेड लागलं का तुला? रविवारी कार्यक्रम आहे! पाहुण्यांना काय सांगू?"

तिने फ्यूज पर्समध्ये घातले आणि पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. "चाळीस माणसं पाण्यात आहेत साहेब. फ्यूज माझ्या हातात. ती सगळी वर येईपर्यंत मी उठणार नाही. पोलीस बोलवायचेत तर बोलवा, त्यांनाही हे सगळं पहिल्यापासून सांगते."

सामंतसाहेबांनी तोंड उघडलं. 'बघूया की' ओठांवर आलं असावं, पण तिच्याकडे बघून त्यांनी ते गिळलं आणि खुर्ची ओढून बसले.

"कौस्तुभ, यादी घे," उर्सुला म्हणाली. "एकापासून चाळीसपर्यंत. प्रत्येकाला फोन कर. सांग, फ्यूज काढा आणि आम्ही येऊन पेटी उतरवेपर्यंत लावू नका. आणि काय चुकलं तेही सांग, तुझ्या तोंडाने. स्पीकरवर."

त्याने सुरुवात केली. कुणी शिव्या दिल्या, कुणी दोनदोनदा समजावून घेतलं, एका बाईने "मग लावली कशाला मेल्यांनो?" म्हणून फोन आपटला. फोन चालू असताना उर्सुला खिडकीच्या उजेडात पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसली होती. एकेका पत्रकावरची ती ओळ, स्वतःची ओळ, पेनाने खोडत होती. दोनशे वेळा खोडायची होती. कागद फाटत होते, इतक्या जोरात.

सोळा झाले. कौस्तुभ थांबला. "मॅडम, सतरा तुमच्या घरचा आहे. त्यांना तर माहीत आहे. सोडून देऊ?"

"नाही. बटण तू दाबलंस. लाव."

त्याने नंबर लावला. फोन सालोमीने उचलला.

"आंटी, मी कौस्तुभ बोलतोय. कंपनीतून. तुमच्या पेटीत दोष आहे. माझ्यामुळे आहे. फ्यूज काढून ठेवा, प्लीज, लावू नका."

"काढलेलेच आहेत," सालोमी म्हणाली. "कौस्तुभ म्हणजे तोच ना रे तू? बटण दाबलंस तो?"

"हो, आंटी."

उर्सुला खोडायची थांबली. आता आई याला सोलून काढणार, आणि बरंच झालं, असं तिला वाटलं.

"मीपण दाबलं होतं रे," सालोमी म्हणाली. "लग्न होऊन दोन महिने झाले होते. पाणी येत नाही म्हणून दाबलं. थोरले दीर खाली होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा फ्यूज कुणाच्या हातात नव्हता. तुझ्या वेळी होता. देवाची दया म्हण. जेवलास का तू?"

कौस्तुभने नुसती मान हलवली, जणू फोनमधून ती तिला दिसणार होती.

त्रेचाळीस वर्षं. त्रेचाळीस वर्षं एका घरात राहून उर्सुलाला हे ठाऊक नव्हतं. लहानपणीचे ते धपाटे तिला पाठीवर जिथल्या तिथे आठवले. आणि अशा बाईला तिने आज सकाळी स्कूटर काढता काढता सांगितलं होतं, ते जुन्या काळचं झालं. आणि ती म्हणाली होती, बरं.

"उर्शी आहे का तिथे?" सालोमीने विचारलं. "तिला सांग, पोराला आधी जेवू दे. मग ओरड म्हणावं."

उर्सुलाने पर्स छातीशी धरली. तीन फ्यूज आत एकमेकांवर वाजले. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर ओरडण्याजोगं कुणी उरलं नव्हतं.

"डबा आणलायस?" तिने विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"आणलाय, मॅडम."

"खाऊन घे. आणि मग अठरावा लाव."